रोटर एक, गोतावळा मोठा

पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरवणाऱ्या वांकेल इंजिनाचा इतिहास सांगताना दोन खलनायक हमखास पुढे केले जातात: झिजणाऱ्या सीलपट्ट्या आणि १९७३चे तेलसंकट. मोटारगाडीपुरता हा निवाडा बराचसा बरोबर आहे. घरच्या शेडमध्ये स्वतःचे विमान बांधणाऱ्या हौशी माणसाच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. एका रोटरचे छोटे, हलके इंजिन हे त्याचे जुने आकर्षण. पण त्याची वाट अडवली ती रोटरने नव्हे, तर रोटरभोवतीच्या गोतावळ्याने.

पट्ट्यांचा प्रश्न खराच होता. फेलिक्स वांकेल यांचे इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली प्रथम फिरले आणि १९६४च्या एनएसयू स्पायडर गाडीत एकाच रोटरने ५० अश्वशक्ती दिली. पण रोटरच्या तिन्ही टोकांच्या पट्ट्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत. हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या तुकडीने कार्बनमिश्रित पट्ट्या वापरून ते आवरले आणि १९६७मध्ये कॉस्मो गाडी बाजारात आली. हौशी विमानकार जुन्या गाड्यांतली माझदाची ‘१३बी’ इंजिने उतरवून घेऊ लागले, तोवर हा आजार बऱ्यापैकी आटोक्यात आला होता. ‘१३बी’मध्ये ६५४ सीसीचे दोन रोटर असतात. त्यातला एक काढला, तर छोट्या विमानाला पुरेल एवढी सत्तर-ऐंशी अश्वशक्ती उरावी, हा हिशेब कागदावर चोख दिसतो.

प्रत्यक्षात शक्ती निम्मी होते, वजन निम्मे होत नाही. बिडाची जड झाकणे तीनऐवजी दोन उरतात. मूळ शाफ्ट दोन रोटरांसाठी घडवलेला, म्हणून तो कापून जुळवावा लागतो किंवा नवा करावा लागतो. रोटरच्या भ्रमणामुळे येणारा असमतोल दोन्ही टोकांच्या तोलवजनांनी सावरता येतो, पण शाफ्टवरचा पीळ सावरत नाही. शाफ्टच्या प्रत्येक फेरीत एकच स्फोट होतो आणि पुढचे मिश्रण दाबताना पीळ क्षणभर उलटतो. जोडइंजिनात ही उणीव दुसरा रोटर भरून काढतो. त्यातच इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर मिळते, तर प्रोपेलरला अडीच हजारांच्या आसपास वेग मानवतो. मधला गिअरबॉक्स टाळता येत नाही आणि उलटसुलट पिळाचा मार त्याच्याच दातांवर बसतो. शिवाय पिस्टन इंजिनापेक्षा तप्त एक्झॉस्टमुळे सायलेन्सर टिकवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

यावर कोणी म्हणेल, खरा दोष इंधन जास्त पिण्याचा आहे. लांबट, पसरट ज्वलनकक्षामुळे तो आहेच आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणात तो जाणवतो. पण एवढ्यानेच निकाल लागत असता, तर एका रोटरचे इंजिन आकाशात कुठेच टिकले नसते. बीएसए-नॉर्टनच्या मोटारसायकल संशोधनातून निघालेले ब्रिटनच्या मिडवेस्टचे ‘एई५०’ इंजिन १९९०च्या दशकात श्लायशर कंपनीच्या ‘एएसएच २६ई’ या ग्लायडरमध्ये बसले. तिथे इंजिन काही मिनिटेच चालते आणि प्रोपेलर पट्ट्याने फिरतो. भारतात ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन तयार झाले आणि २००९मध्ये कोलारहून उडाले. त्याचा गाभा बंगळुरूच्या एनएएल या विमानविज्ञान प्रयोगशाळेने घडवला. इग्निशन, इंधनपुरवठा अशा भोवतीच्या यंत्रणांसाठी तेव्हाच्या अहमदनगरमधील व्हीआरडीई ही आख्खी वाहनसंशोधन संस्था कामाला लागली. माझदानेही २०२३मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर परत आणला, तो चाकांना न जोडता फक्त जनरेटर फिरवण्यासाठी.

दुसरा आक्षेप असा की, १९८९पासून रोटॅक्स ९१२ मिळत असताना ही खटपट हवीच कशाला? हा आक्षेप उलट मूळ मुद्दाच पक्का करतो. ऐंशी अश्वशक्तीचे ते चार सिलिंडरचे इंजिन गिअरबॉक्स आणि इग्निशनसह तयार मिळते. हौशी विमानकार पैसे मोजतो ते या जुळून आलेल्या संचासाठी. म्हणून एका रोटरचे इंजिन बांधू पाहणाऱ्याने पैसा आणि वेळ आधी शाफ्ट, गिअरबॉक्स आणि एक्झॉस्टसाठी राखून ठेवावा. तेवढी तयारी नसेल, तर दोन रोटरांचे इंजिन आहे तसे वापरणेच शहाणपणाचे.