बेळगावने गमावलेला कारखाना

किर्लोस्कर हे नाव बेळगावच्या जुन्या मराठी कुटुंबांत आजही आपुलकीने घेतले जाते. परंतु त्या नावाचा कारखाना बेळगावात का टिकला नाही, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग ओळखण्यात दृष्टी कमी पडते असे आढळल्याने ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावात वडीलबंधू रामूअण्णांसह १८८८ मध्ये सुरू केलेले सायकलींचे दुकान होतेच. त्याला जोडून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही. लक्ष्मणरावांनी मात्र चिकाटी सोडली नाही. पुढे शेतकऱ्यांना स्वतःच्या रानातच त्याचा गुण दिसू लागला.

कारखाना रुळावर येत असतानाच नव्या वसाहतीसाठी जागा रिकामी करण्याचा नगरपालिकेचा हुकूम आला. दुसरी जागा मिळेना. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेथे केवळ नांगर घडले असे नाही. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना काम दिले गेले. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक सुरू केले, त्यापाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' निघाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती दोन्ही येत असत. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

प्रस्तुत लेखकाची हयात शासकीय सेवेत गेली. जागा रिकामी करण्याच्या नोटिसांवर मीही सह्या केल्या आहेत. वसाहत वसविणे हे नगरपालिकेचे कामच होते. त्या हुकुमात नियमबाह्य काही असेल, असे मला वाटत नाही. परंतु कागदावर जागेचे क्षेत्रफळ दिसते, त्या जागेवर काय उगवू पाहत आहे ते दिसत नाही. बाळासाहेबांनी ते पाहिले. संस्थान लहान होते, दृष्टी मोठी होती. आपल्या गावच्या एखाद्या तरुणाचा अर्ज आज ज्यांच्या टेबलावर पडून असेल, त्यांनी हा इतिहास एकवार आठवावा, एवढेच सांगणे.