भुकेले पाणी आणि हौदाचे अस्तर

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शाळेतील मुलांना पोहायला शिकवण्यासाठी एका तलावावर नेत असू. तिसऱ्या दिवशी एक मुलगा पायाचा अंगठा दाखवत आला. अंगठ्याची साल निघाली होती. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. कोणी पडले नव्हते, कशावर आपटलेही नव्हते. नुसते तळावरून चालल्याने हे झाले होते. पाण्यात उतरून हात फिरवला, तर तळ पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. नवल पुढेच आहे. त्या तलावाला आतून नवा गिलावा करून अवघी दोन वर्षे झाली होती! तेथील देखभाल पाहणारे गृहस्थ म्हणाले, "गवंड्याने सिमेंट मारले असणार. आता पुन्हा सगळे खरवडून नव्याने करावे लागेल."

गवंडी खरोखरच दोषी होता का? हौदाचे अस्तर बदलायची वेळ आली आहे हे कसे ओळखायचे? आणि अस्तर का झिजले हे न कळता ते बदलले तर काय होईल? या प्रश्नांची उत्तरे शोधताना माणसाने सुमारे साडेचार हजार वर्षे घालवली आहेत. ती हकिगत आपण थोडक्यात पाहू.

मोहेंजोदडो ते रोम

सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोचे महास्नानगृह आपल्या पाठ्यपुस्तकात असते. हा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. चित्र दाखवून आपण पुढे जातो. पण त्याची बांधणी थांबून पाहण्याजोगी आहे. आतल्या बाजूच्या विटा उभ्या कडेवर, एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या आहेत. सांध्यांत जिप्समचा गिलावा आहे. आणि या भिंतीच्या मागे, बाहेरून न दिसणारा, डांबराचा थर आहे.

जिप्सम पाण्यात थोडे थोडे विरघळते. लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. डांबर मात्र विरघळत नाही. म्हणजे पाण्याला भिडणारा थर वेगळा आणि पाणी अडवणारा थर वेगळा, अशी येथे विभागणी आहे. आजच्या तलावातही हीच रीत आहे. कवच वेगळे, अस्तर वेगळे. अस्तराने झिजायचे आणि कवचाला राखायचे.

रोमन लोकांकडे चुना भरपूर होता, पण साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. त्याला हवेतील कार्बन डायऑक्साइड लागतो. रोमन गवंड्यांनी यावर तोड काढली ती फुटक्या कौलांची आणि खापरांची. त्यांचा चुरा चुन्यात कालवला की तयार होणारा गिलावा ओलाव्यातही टिकतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या वास्तुशास्त्रज्ञाने दमट भिंतींसाठी वाळूऐवजी भाजलेल्या विटांचा चुरा वापरायला सांगितले आहे. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात सुरखी घालत, ती हीच युक्ती. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यात सहज न विरघळणारे संयुग तयार होते. इटलीत मिसेनम येथे रोमन आरमारासाठी बांधलेला प्रचंड हौद आजही उभा आहे. त्याच्या ४८ खांबांवर या गिलाव्याचे अस्तर आहे.

रोमन लोकांना पाण्याचा उलटा स्वभावही भेटला. फ्रान्समधील नीम शहराला पाणी नेणारा सुमारे ५० किलोमीटरचा पाट त्यांनी पहिल्या शतकात बांधला. झऱ्याचे ते पाणी चुनखडीच्या प्रदेशातले. त्याने पाटाचे अस्तर खाल्ले नाही; उलट त्यावर चुन्याचे थरावर थर चढवले. काही ठिकाणी ते वीतभराहून जाड झाले आणि पाटाची वाट अरुंद झाली.

एक पाणी अस्तर खाते, दुसरे त्यावर पुटे चढवते. असे का? याचे उत्तर मिळायला पुढे बराच काळ जावा लागला.

दीपगृह आणि आम्लाची परीक्षा

१७५६ मध्ये जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यावर एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधण्याचे काम आले. समुद्राच्या लाटा दिवसातून दोनदा पाया बुडवणार. तेथे कोणता चुना टिकेल? स्मीटनने ठिकठिकाणचे चुनखडीचे दगड आणून भाजले, त्यांचा चुना पाण्याखाली ठेवून पाहिला. मग तेच दगड त्याने नायट्रिक आम्लात विरघळवले. जे दगड पाण्याखाली घट्ट होणारा चुना देत, त्यांचा विरघळल्यावर चिकणमातीचा गाळ मागे राहत असे. शुद्ध पांढरा चुनखडक, जो सर्वांत चांगला मानला जाई, तो या कामी निरुपयोगी ठरला! दीपगृह १७५९ मध्ये उजळले.

चुनखडी आणि चिकणमाती यांचे नाते कळल्यावर पुढची वाट सोपी झाली. १८२४ मध्ये लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आजचे सिमेंट त्याच्या सिमेंटहून बरेच सुधारलेले आहे, पण घराणे तेच.

सिमेंटमध्ये एक कच्चा दुवा मात्र राहतोच. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. घट्ट झालेल्या सिमेंटचा सुमारे पाचवा हिस्सा हा असतो, आणि तो लिटरला दीड ग्रॅमहून अधिक विरघळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

सोलवटलेली इमारत

आता शिकागोला जाऊ. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तेथे बांधलेल्या एका भव्य इमारतीत पुढे वस्तुसंग्रहालय भरले. काही वर्षांत तिचा बाहेरचा गिलावा सोलवटू लागला. संग्रहालयात कार्ल एकली नावाचे गृहस्थ प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याचे काम करीत. १९०७ मध्ये त्यांनी दाबाखालील हवेने गिलावा भिंतीवर उडवणारे यंत्र जुळवले. कोरडे मिश्रण नळीतून यायचे आणि तोंडाशी त्यात पाणी मिसळायचे. १९११ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. 'गनाइट' या नावाने ओळखले जाणारे काम ते हेच.

जुने पृष्ठ नवे करण्यासाठी निघालेल्या या युक्तीने पोहण्याच्या तलावांचे रूप पालटले. लोखंडी सळ्यांच्या जाळीवर काँक्रीट उडवून हव्या त्या आकाराचे कवच करता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात असे तलाव घरोघर झाले. कवचाच्या आत साधारण एक सेंटिमीटर जाडीचा पांढरा गिलावा देतात. तो पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा असतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. एकूण हे सगळे अस्तर कॅल्शियमचेच! आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फरशा बसवतात. पण फरशांचे सांधे सिमेंटनेच भरलेले असतात, म्हणून दुखणे तेच.

भूक मोजणारा आकडा

१९३६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलिअर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे प्रश्न होता नळाच्या लोखंडी नळ्यांचा. नळीच्या आत चुन्याचे पातळ पूट बसले तर गंज कमी होतो. मग कोणते पाणी पूट बसवील आणि कोणते असलेले पूट विरघळवील, हे आधी सांगता येईल का? त्यांनी यासाठी एक निर्देशांक काढला. तलावांची देखभाल करणाऱ्यांनी पुढे तो उचलला.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तो सहज काढता येईल. पाण्याचा सामू घ्या. त्यात कॅल्शियममुळे येणाऱ्या काठिण्याचा लॉगॅरिदम मिळवा. मग अल्कतेचा, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेचा, लॉगॅरिदम मिळवा. काठिण्य आणि अल्कता दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजायची. पाणी २५ अंश सेल्सिअसचे आणि फार खारे नसेल, तर बेरजेतून ११.९ वजा करा. उत्तर शून्याजवळ आले तर पाणी तृप्त. उणे आले तर भुकेले. ते अस्तरातून चुना घेणार. अधिक आले तर ते चुना टाकणार.

उदाहरणे पाहू. सामू ७.५, काठिण्य २००, अल्कता १०० असेल तर ७.५ + २.३ + २.० − ११.९ = −०.१. हे पाणी उत्तम. सामू ७.०, काठिण्य आणि अल्कता दोन्ही २५ असतील तर ७.० + १.४ + १.४ − ११.९ = −२.१. हे पाणी फार भुकेले. सामू ८.२, काठिण्य ३००, अल्कता १५० असेल तर उत्तर जवळजवळ +१ येते. हे नीमच्या पाटाच्या जातीचे पाणी.

सह्याद्रीतील धरणांचे पाणी बहुतेक पावसाचे, काळ्या पाषाणावरून वाहत आलेले. त्यात चुना थोडा. पठारावरील विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन. तेव्हा एकाच गवंड्याने, एकाच गोणीतल्या सिमेंटने बांधलेले दोन तलाव दोन ठिकाणी अगदी वेगळ्या तऱ्हेने म्हातारे होतात.

अस्तर काय सांगते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बदलायची वेळ आली हे कशावरून समजावे?

पहिली खूण स्पर्शाची. तळ खरखरीत लागतो, पोहण्याच्या कपड्यांचे धागे निघतात, पाय सोलतात. पण खरखर दोन प्रकारची असते. पृष्ठ खड्ड्याखड्ड्यांचे झाले असेल तर पाण्याने चुना नेला आहे. वर कठीण पूट चढून खरखर आली असेल तर चुना साचला आहे. एका थेंबभर सौम्य आम्लाने पूट फसफसते, पण अस्तरही फसफसते. म्हणून भिंग घेऊन नीट पाहावे. पूट असेल तर अस्तर बदलण्याची गरज नसते.

दुसरी खूण डागांची. पाने पडून आलेले तपकिरी डाग क्लोरीनने फिके होतात. लोखंडाच्या डागावर क जीवनसत्त्वाची गोळी धरून ठेवली तर तो फिका होतो. हे दोन्ही डाग वरवरचे. मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा तांबूस डाग उमटत असेल, तर आतील सळई गंजते आहे. हे दुखणे अस्तराचे नाही, कवचाचे आहे. नुसत्या गिलाव्याने ते झाकले जाईल, बरे होणार नाही.

तिसरी खूण आवाजाची. तलाव रिकामा असताना लाकडी दांड्याने ठिकठिकाणी ठोकावे. मडके घेताना आपण टिचकी मारतो तसे. पोकळ आवाज आला तर तेथे अस्तर कवचापासून सुटले आहे. पांढऱ्यातून करडे कवच डोकावू लागले असेल, तर अस्तर तेथे संपलेच.

चौथी खूण पाणी घटण्याची. येथे उन्हाने होणारी वाफ वजा करायला हवी. बादलीत तलावाचे पाणी भरून ती पायरीवर, निम्मी पाण्यात बुडेल अशी ठेवावी. आत आणि बाहेर पातळीची खूण करावी. चोवीस तासांनी तलावातील पातळी बादलीतील पातळीपेक्षा जास्त उतरली असेल तर गळती आहे. गळती नळात आहे की अस्तरात, हे मग शोधावे. केसासारख्या बारीक भेगांचे जाळे मात्र बहुधा निरुपद्रवी असते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पावसाळ्यात, जमिनीतील पाणी वर आले असताना, तलाव रिकामा करू नये. आर्किमिडीजचा नियम येथेही लागू आहे. रिकामे कवच नावेसारखे वर उचलले जाते आणि तडकते.

त्या तलावाचे काय झाले?

आम्ही बाटलीभर पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत आणले. सामू साडेसहाच्या आसपास निघाला. साबणाचा फेस लगेच झाला, म्हणजे काठिण्य अगदी कमी. चौकशी केली तेव्हा समजले, की तलावात धरणाचे पाणी येते आणि जंतू मारण्यासाठी ट्रायक्लोरच्या गोळ्या टाकतात. या गोळ्यांचे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते. त्यात दर सुट्टीआधी डाग काढण्यासाठी भिंती आम्लाने धूत असत. प्रत्येक धुण्यात अस्तराचा एक पापुद्रा जात होता.

गवंडी निर्दोष होता! अस्तर तर बदलावेच लागले. मुलांचे पाय सोलू देणे बरे नव्हते. पण या वेळी आधी पाण्याचा बंदोबस्त झाला. खाण्याच्या सोड्याने अल्कता आणि कॅल्शियम क्लोराइडने काठिण्य वाढवले, आणि दर आठवड्याला सामू वहीत लिहिला जाऊ लागला.

ही सगळी गोष्ट एका परीक्षानळीत मुलांना दाखवता येते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घाला; ती दुधाळ होते. हे झाले पूट. तशीच फुंकत राहा. कार्बन डायऑक्साइड वाढतो, दुधाळपणा जातो, द्रावण स्वच्छ होते. हे झाले भुकेले पाणी, ज्याने पूट खाल्ले. आता ते तापवा; पुन्हा दुधाळ. मुलांना एवढेच विचारा : आपल्या शाळेच्या टाकीतले पाणी यांतले कोणते? आणि मग त्यांना टाकीच्या भिंतीवर हात फिरवून पाहू द्या.