वाकळीची ऊब

वऱ्हाडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. परंतु वरूडच्या संत्र्यांच्या बागांतून हिवाळ्याच्या रात्री येणारा बोचरा वारा तेथे राहिलेल्यांनाच माहीत असतो. अशा रात्रींत वऱ्हाडी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर भिस्त ठेवली, ती म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. आपल्या धर्मग्रामातील कोणी गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले की आपण भेटीला जातो, प्रार्थना करतो आणि परतताना मनाशी म्हणतो, 'याहून अधिक काय करणार?' या प्रश्नाचे एक साधे उत्तर वाकळीच्या इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेच्या गिरण्यांतून मोठी मागणी आली. परंतु ज्याच्या शेतात हे पांढरे सोने पिकले, त्याच्या घरी पांघरायला जुनी लुगडी आणि धोतरेच होती. घरच्या बायका ती थरावर थर मांडून, धावदोरा घालून शिवीत. हाती जे उरले त्यातून ऊब निर्माण करण्याची ही विद्या होती.

नवल असे की, त्याच युद्धात अमेरिकेतील स्त्रियाही हेच करीत होत्या. जखमी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनकडे त्यांनी हजारो गोधड्या पाठविल्या. घरातील पलंगाची रुंद गोधडी रुग्णाच्या खाटेवर लोळते, म्हणून खाटेच्या मापाच्या अरुंद गोधड्या मागविल्या जात. पुढे दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या रेडक्रॉसमार्फत इंग्लंडमधील रुग्णालयांत आणि बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेल्या कुटुंबांत पोहोचल्या. अशी निकड असली की, दाट टाक्यांऐवजी ठिकठिकाणी दोरा ओवून गाठी मारण्याची रीतही तिकडे होती. नक्षी साधली नाही तरी पांघरूण वेळेवर पोहोचे.

आपल्या अमरावती जिल्ह्याने तर गोधडीला संतत्वाचे वस्त्र केले. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजींनी १९०५ मध्ये घर सोडले आणि चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेतले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पुढे ते गाडगेबाबा झाले. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या पुरुषाने मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या आप्तांसाठी धर्मशाळा उभारली. आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यालाही निवारा हवा, हे त्यांनी ओळखले होते. याच जिल्ह्यात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसविले. ज्यांच्या कपड्यांनाही कोणी हात लावीत नसे, त्यांना त्यांनी जवळ केले.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथेची कथा आहे. ती वारल्यावर विधवा स्त्रियांनी रडत रडत पेत्राला दाखविले, ते तिने त्यांच्यासाठी शिवलेले कपडे. तिच्या स्नेहाची दुसरी कोणतीही साक्ष त्यांना सुचली नाही.

आज वरूडकडचा कर्करोगी उपचारांसाठी नागपूरला जातो. परक्या शहरात, परक्या खाटेवर रात्री काढाव्या लागतात. सावकाश, उन्हाळाभर शिवत राहिलेली वाकळ त्याच्या उपयोगाची नाही. त्याला ती याच आठवड्यात हवी. म्हणून चार घरांतून चार जुन्या सुती साड्या घ्याव्यात. वारंवार धुतल्याने त्या आधीच मऊ झालेल्या असतात. पुन्हा स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा घड्या एकावर एक मांडाव्यात. कापूस भरू नये. जड पांघरूण अशक्त शरीराला पेलत नाही. चौघींनी चार कोपऱ्यांना बसून मध्याकडे यावे आणि वीतभर अंतराने गाठी माराव्यात. दोन सायंकाळी पुरतात. उपचारांनी रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असते, म्हणून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आजार बरा करणे आपल्या हाती नाही. परंतु पहाटे थंडीने जाग आली आणि हाताला आईच्या लुगड्याचा तुकडा, शेजारणीच्या साडीचा काठ लागला, तर त्या परक्या खोलीत आपण एकटे नाही, एवढे तरी रुग्णाला कळते. तेवढे कळविण्यासाठी दोन सायंकाळी आपण निश्चित देऊ शकतो.