मातेचा ऊष्मा आणि गर्भाचें रुधिर

शास्त्राच्या इतिहासांत कांहीं प्रश्न असे आढळतात कीं, त्यांचें स्थूल उत्तर घरोघरच्या वडील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतें. परंतु त्या उत्तराचें कारण सांगावयास विद्वानांना शतकें लागतात. गर्भवतीनें उन्हातान्हांत राबूं नये, हा उपदेश त्यांतलाच होय. चरकसंहितेंतहि गर्भाला घातक अशा गोष्टींत अति उष्ण व तीक्ष्ण पदार्थ आणि दारुण श्रम यांची गणना केलेली आहे. तथापि तेवढ्यावरून आजचें सारें ज्ञान आमच्या पूर्वजांपाशीं होतें असें म्हणूं लागणें ही आत्मस्तुति होईल, इतिहास होणार नाहीं. मातेचें अंग तापलें असतां गर्भाकडे जाणाऱ्या रक्ताचें काय होतें, हा प्रश्न पडण्यापूर्वीं त्या रक्ताचा मार्ग कळावयास हवा होता.

तो मार्ग नीट दिसला तो लंडन शहरांत. मातेच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या रक्तवाहिन्यांना सरळ मिळालेल्या असतात, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. १७५४ सालीं, दिवस भरत आले असतां मरण पावलेल्या एका स्त्रीच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांत रंगीत मेण भरून शवच्छेदन करण्यांत आलें. तें मेण वारेच्या स्पंजासारख्या भागांत पोंचलें, पण गर्भाच्या वाहिन्यांत शिरलें नाहीं. विल्यम हंटर यानें १७७४ सालीं ३४ चित्रफलकांच्या भव्य ग्रंथांत गर्भाशयाची रचना जगापुढें मांडली. आणि १७८० सालीं त्याचा धाकटा भाऊ जॉन यानें रॉयल सोसायटीपुढें या शोधाचें श्रेय आपलें म्हणून मागितलें. त्या कलहानें भाऊ भावाला दुरावला. इतिहासांत गाजलीं तीं या दोघांचीं नांवें. जिच्या देहानें हें ज्ञान दिलें ती स्त्री अनामिकच राहिली.

या शोधाचा अर्थ असा कीं, वारेमध्यें दोन रक्तप्रवाह पातळ पडद्याआड एकमेकांच्या शेजारून वाहतात. प्राणवायु व अन्न मातेकडून गर्भाकडे जातात, ही गोष्ट आज सर्वांच्या परिचयाची आहे. उलट दिशेनें उष्णताहि जाते, ही तितकी परिचयाची नाहीं. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनीं मेंढ्यांवरील आपल्या प्रयोगांचें सार १९४६ सालच्या ग्रंथांत दिलें, आणि गर्भाच्या शरीरव्यापारांचें मापन करण्याची वाट प्रशस्त झाली. पुढें निश्चित झालें तें असें: गर्भ मातेपेक्षां सुमारें अर्धा अंश सेंटिग्रेड अधिक उष्ण असतो. घाम गाळून निवण्याची सोय त्याला नाहीं. आपली उष्णता तो बव्हंशीं नाळेवाटे वारेंत आणून मातेच्या रक्ताच्या स्वाधीन करतो. मातेचें रक्त ही गर्भाची शिदोरी तर खरीच, पण त्याच्या दाराचा वाळ्याचा पडदाहि तेंच.

आतां ही माता तापली असतां काय घडतें तें पाहूं. अंग थंड राखण्यासाठीं रक्त त्वचेकडे धांवतें. ती श्रम करीत असेल तर स्नायूहि आपला वांटा मागतात. घामावाटे पाणी जातें. या ओढाताणींत गर्भाशयाचा वांटा घटूं लागतो. शिवाय मातेचें रक्तच तापल्यामुळें गर्भाची उष्णता तें पूर्वीसारखी घेऊं शकत नाहीं. शिदोरी आटते आणि त्याच वेळीं पडदाहि सुकतो.

याचीं प्रमाणें प्रथम जनावरांत मिळालीं. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य मार्शल एडवर्ड्स यांनीं १९६७ सालीं दाखविलें कीं, गाभण गिनीपिगांच्या शरीराची उष्णता वाढविली असतां पिलांत व्यंगें उपजतात. १९७१ सालीं अलेक्झांडर व विल्यम्स यांनीं उष्ण हवेंत ठेवलेल्या मेंढ्यांचीं कोंकरें लहान निपजतात, हें प्रसिद्ध केलें. १९८७ सालीं बेल, विल्केनिंग व मेशिया यांनीं अशा मेंढ्यांचें मापन केलें, तेव्हां वार लहान राहिलेली आणि गर्भाशयाचा व नाळेचा असे दोन्ही प्रवाह क्षीण झालेले आढळले.

जनावरांवरून माणसाविषयीं उतावळा निष्कर्ष मात्र काढूं नये. फिनलंडमधील स्त्रिया गरोदरपणींहि सौना नांवाचें उष्ण स्नानगृह सोडीत नाहींत, आणि तेथील १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सौनाचा व्यंगांशीं संबंध आढळला नाहीं. उलट १९९२ सालच्या एका अमेरिकन पाहणींत, पहिल्या तीन महिन्यांत गरम पाण्याच्या कुंडांत बसणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत पाठीच्या कण्याच्या व मेंदूच्या व्यंगांचा धोका वाढलेला दिसला. ऊष्मा किती, किती वेळ आणि कितव्या महिन्यांत, यावर पुष्कळ अवलंबून आहे. सौनांत स्त्री थोडा वेळ, बसून, स्वखुषीनें राहते, आणि ऊष्मा सोसेनासा झाला कीं दार उघडून बाहेर पडते. शेतांत राबणाऱ्या स्त्रीला असें दार नसतें.

त्या स्त्रीची पाळी फार उशिरां आली. १९७७ सालीं डब्लिन येथील फिट्झजेरल्ड व ड्रम यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें, मातेला वा गर्भाला इजा न करितां नाळेंतील प्रवाह पाहण्याची युक्ति दाखविली. त्यानंतर ४५ वर्षांनीं, २०२२ सालीं, आना बोनेल व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांतल्या ९२ गर्भवती शेतकरी स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. या स्त्रिया नेहमींचें शेतकाम करीत असतांना गर्भाच्या हृदयाचे ठोके व नाळेंतील प्रवाह तपासण्यांत आले. ऊष्म्याचा भार एकेका अंशानें वाढला कीं गर्भावर ताण दिसण्याचा संभव शेंकडा १७ नें वाढे.

आमच्या सुशिक्षित घरांत गर्भवतीला दुपारीं निजवितात, वाळ्याचें पाणी देतात. आणि त्याच वेळीं समोरच्या बांधकामावर दुसरी गर्भवती वाळूची पाटी वाहत असते. उन्हांत जाऊं नको, हा उपदेश तिच्याहि कानीं पडलेला असतो. पण तो मानला तर सायंकाळीं चूल पेटत नाहीं. म्हणून या इतिहासापासून आम्हीं घ्यावयाचा बोध असा कीं, कामाच्या जागीं सावली, पाणी आणि मजुरी न कापतां दुपारची विश्रांति या गोष्टी गर्भवतीला मिळाल्या पाहिजेत, व त्यांचा खर्च काम देणारानें आणि सरकारनें सोसला पाहिजे. तसें न झाल्यास अडीचशें वर्षांच्या खटाटोपानें मिळविलेलें हें ज्ञान, ज्यांच्या डोक्यावर सावली आधींच आहे त्यांच्याच उपयोगीं पडेल.