चार कवींचा गट आणि आपली जनाबाई

आम्ही गंगाखेड तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. आज कर्जाचं, हप्त्याचं बोलणं नाही. आज बोलायचं आहे पुस्तक छापणाऱ्या एका कवीबद्दल. पण सुरुवात गटापासूनच करू.

चार कवी होते. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा. चौघंही इंग्रजीत कविता लिहीत. कवितेचं पुस्तक फारसं खपत नाही, म्हणून प्रकाशक ते हातात घ्यायला कचरतात. मग चौघांनी ठरवलं, दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं? आपली पुस्तकं आपणच छापू. प्रकाशनाला नाव दिलं 'क्लिअरिंग हाऊस'. १९७६ साली चौघांचं एकेक, अशी चार पुस्तकं त्यांनी काढली. आपण गटात जे करतो तेच हे. एकटीला जमत नाही, ते चौघी मिळून होतं.

यातले अरुण कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. पोटासाठी जाहिरातीची चित्रं करायचे. पुस्तकं कशी दिसावीत, तेही त्यांनीच आखलं. त्यांचं पुस्तक होतं 'जेजुरी', म्हणजे आपल्या खंडोबाची जेजुरी. त्याला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या मराठी कवितांचं पुस्तकही आलं. ते छापलं त्यांचे मित्र अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'नं. नाव मोठं झालं, तरी कोलटकरांनी ही लहान प्रकाशनाची वाट सोडली नाही. २००३ साली 'प्रास'नंच त्यांची 'भिजकी वही' काढली. हे नाव ऐकलं की इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या आठवतात. त्या पुस्तकात देशोदेशीच्या रडणाऱ्या बायका आहेत. जुन्या काळातल्या आहेत, आताच्याही आहेत. २००४ साली कोलटकर गेले. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता आपल्या घरची गोष्ट. याच कोलटकरांनी जनाबाईचे अभंग इंग्रजीत नेले. आपल्या गंगाखेडची, गोदाकाठची जनाबाई. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी, स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी. सातशे वर्षांपूर्वी तिला कोण प्रकाशक मिळणार? पण वारकऱ्यांनी तिचे शब्द तोंडी जपले, कुणी वहीत उतरवले, पुढे ते छापले गेले. म्हणून ते कोलटकरांपर्यंत पोचले आणि मराठी न येणाऱ्या माणसालाही जनी वाचता आली. मधल्या एका पिढीनं जरी आळस केला असता, तरी जनी आपल्याला भेटली नसती.

हे आम्ही का सांगतोय? आमच्या गावात एक आजी होत्या. जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी यायची. माहेरची, भावाची, दुष्काळाची. पुढे गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. गेल्या वर्षी आजी वारल्या. दहाव्याला आम्ही बसून आठवायला लागलो. सगळ्या मिळून जेमतेम अकरा ओव्या निघाल्या, त्यातल्याही चार अर्ध्याच. आमच्या गटाकडे पैशाची वही आहे, पै न् पैचा हिशोब आहे. आजीच्या ओव्यांची वही मात्र कुणीच केली नव्हती. ती चूक आमची.

आता आम्ही दोनशे पानांची एक वही घेतलीय. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक म्हातारी गाते आणि आमच्यातली एक लिहून घेते. कुणाची ओवी, कोणतं गाव, कुणाकडून शिकली, तेही खाली लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही, त्या नातवाच्या मोबाइलवर आवाज भरून घेतात. वही भरली की झेरॉक्स काढून गटातल्या प्रत्येकीच्या घरी एक प्रत ठेवायची, असं ठरलंय.

तुमच्याही गावात अशी एखादी आजी असेल. उद्याच तिच्याजवळ जाऊन बसा. जाताना वही-पेन न्या.

रामराम.