अपंग सैनिकाचें पेन्शन : बक्षीस कीं हक्क?



एखाद्या राज्यानें आपल्या जखमी शिपायास काय दिलें, याची नोंद इतिहासांत सहज सांपडते. कारण देणाऱ्यास आपलें दान लिहून ठेवण्याची हौस असते. पण ज्याचा अर्ज नामंजूर झाला त्याची दाद कोणी घेतली काय, असें विचारूं गेल्यास बखरी आणि दप्तरें बहुधा मौन धरतात. आज या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास थोडक्यांत सांगावयाचा आहे. सैन्यांत असतां अपंग झालेल्या माणसाचें पेन्शन राजाच्या कृपेपासून नागरिकाच्या हक्कापर्यंत कसें आलें, आणि त्या वाटचालींत अपिलाचें स्थान कोणतें, हा माझ्या भाषणाचा विषय होय.

मी राहतों तें सुलतानपूर गांव लोणार तालुक्यांत आहे, आणि मातोश्री जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेडराजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत. तेव्हां आरंभ त्यांच्या पुत्राच्या राज्यापासून करणें योग्य. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला आणि त्याच्या फौजेचा मोड झाला. सभासदाची बखर सांगते कीं, या प्रसंगानंतर जखमी लोकांस ज्याच्या त्याच्या जखमेच्या मानानें २५, ५०, १०० व २०० होन देण्यांत आले. जे पडले त्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें, आणि ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस अर्धें वेतन बांधून दिलें. पुढें पेशवाईंतही रणांत पडलेल्यांच्या कुटुंबांस बालपरवेशी म्हणून नेमणुका मिळत असत. आज आपण ज्यास अपंगत्वाची टक्केवारी म्हणतों, तिचेंच हें जुनें रूप म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तलवारीचा वार आणि भाल्याचा घाव हे डोळ्यांना दिसतात. त्यांस पुरावा लागत नाहीं. वाद उत्पन्न होतो तो न दिसणाऱ्या व्यथेविषयीं. आणि अर्वाचीन काळांतील अपंग सैनिकाची सारी कथा याच न दिसणाऱ्या व्यथेची कथा आहे.

इंग्रजी अमलांत पेन्शन नियमबद्ध झालें खरें, पण त्याची मालकी सरकारकडेच राहिली. १८७१ सालच्या पेन्शन कायद्याच्या चौथ्या कलमानें असें ठरविलें कीं, कायद्यांत सांगितलेला अपवाद सोडून, सरकारनें दिलेल्या पेन्शनासंबंधींचा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयानें ऐकूं नये. मागणी करावयाची ती कलेक्टरकडे किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे; आणि न्यायालयांत जावयाचें झाल्यास त्या अधिकाऱ्याचाच दाखला हवा. तात्पर्य, ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याचीच परवानगी आधीं घ्यावयाची, अशी ही व्यवस्था होती.

इतक्यांत १९१४ चें महायुद्ध आलें. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसापोटेमियांत कूत येथें वेढ्यांत सांपडल्या. अन्नावांचून झुंजलेलें तें सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलें. माणूस केवळ गोळीनेंच निकामी होतो असें नाहीं. उपासमार, ज्वर, कैद आणि मनावरचा ताण यांनींही तो कायमचा मोडतो, हें त्या युद्धानें जगास दाखवून दिलें. अपंग होऊन परतलेल्या हिंदी शिपायांस कांहीं हुन्नर शिकवावा म्हणून लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं मुंबईस क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालें. तीच संस्था पुढें पुण्याजवळ खडकीस गेली. विलायतेंत १९१९ च्या कायद्यानें सैनिकास पेन्शनाचा हक्क व स्वतंत्र अपील-न्यायमंडळें मिळालीं. तरीही व्यथा लढाईमुळेंच जडली, हें सिद्ध करण्याचें ओझें रोग्याच्याच शिरावर राहिलें होतें. तें उतरण्यास दुसरें महायुद्ध यावें लागलें. १९४३ सालच्या सुधारणेंत असें तत्त्व मान्य झालें कीं, पुराव्याचा भार अर्जदारावर नसावा, आणि वाजवी शंका उरल्यास तिचा फायदा त्यास मिळावा.

स्वतंत्र भारतांत १९६१ चे लष्करी पेन्शन नियम व १९८२ चे पात्रतेचे नियम यांत हेंच तत्त्व उतरलें. अपंगत्व लष्करी सेवेमुळें उत्पन्न झालेलें असावें किंवा सेवेमुळें वाढलेलें असावें, आणि तें २० टक्के अथवा त्याहून अधिक असावें, अशा त्या अटी. “किंवा वाढलेलें” या दोन शब्दांत केवढी माणुसकी आहे, हें श्रोत्यांनीं पाहावें. दुखण्याचें बीज कोठलें का असेना, सेवेच्या कष्टांनीं तें फोफावलें तरी राज्य त्याची जबाबदारी घेतें, असा त्याचा अर्थ आहे.

याच सुमारास पेन्शनाची मूळ कल्पनाही पालटत होती. १८७१ च्या कायद्यास बरोबर १०० वर्षें झालीं त्या १९७१ सालीं, देवकीनंदन प्रसाद या बिहारच्या शिक्षणखात्यांतील नोकराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिशी नव्हे. तो हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा निकालानें ही गोष्ट अधिकच दृढ केली.

परंतु नियम पुस्तकांत असणें निराळें आणि तो कचेरींत पाळला जाणें निराळें. धरमवीर सिंग नांवाचा शिपाई १९८५ च्या जून महिन्यांत सैन्याच्या सिग्नल दळांत दाखल झाला. सुमारें ९ वर्षें चाकरी झाल्यावर, १ एप्रिल १९९४ पासून, अपस्मारामुळें २० टक्के अपंग ठरवून त्यास घरीं पाठविण्यांत आलें. रोगाचा सेवेशीं संबंध नाहीं असें वैद्यकीय मंडळानें लिहिलें आणि पेन्शन नाकारलें गेलें. खात्याकडील अपीलही फेटाळलें गेलें. उच्च न्यायालयांत तो एकदां जिंकला व मग तेथेंच मोठ्या पीठापुढें हरला. अखेर २ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. निकालाचें सार साधें आहे. भरतीच्या वेळीं डॉक्टरांनीं माणूस तपासून घेतला आणि कागदावर कोणत्याही रोगाची नोंद केली नाहीं, तर तो निरोगी होता असेंच धरून चाललें पाहिजे. पुढें रोग जडल्यास तो सेवेमुळें नाहीं, हें सरकारनें दाखवावें; आणि वैद्यकीय मंडळानें आपलें मत कारणांसह लिहावें. एका शिपायास हें ऐकावयास १९ वर्षें लागलीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक मागणी खरीच असते असें नाहीं, आणि वैद्यकीय मंडळाच्या मतास मान द्यावा असें न्यायालयानेंही अनेक निकालांत म्हटलें आहे. पण मान कारणांस द्यावयाचा असतो, नुसत्या सहीस नव्हे.

आतां उशिराविषयीं दोन शब्द. खेड्यांतल्या माणसास सरकारी नकार हा विधिलिखितासारखा वाटतो. तो गप्प बसतो आणि वर्षें निघून जातात. त्याची किंमत काय पडते तें तरसेम सिंग यांच्या खटल्यांत दिसतें. १९८३ सालीं अपंग म्हणून सैन्यांतून निघालेला हा सैनिक १९९९ मध्यें न्यायालयांत गेला. पेन्शनाचा हक्क उशिरामुळें बुडत नाहीं, हें २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मानलें. परंतु मागील थकबाकी अर्ज करण्यापूर्वींच्या ३ वर्षांपुरतीच मिळेल, असेंही ठरविलें. म्हणजे हक्क जिवंत राहिला, पण कित्येक वर्षांचे पैसे गेले ते गेलेच.

सैनिकांच्या अशा गाऱ्हाण्यांसाठीं २००७ सालीं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला व २००९ च्या ऑगस्टांत त्याचें काम सुरू झालें. मुंबईस त्याचें एक पीठ आहे. नियमांतही पालट होत आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून सैन्य सोडणारांस अपंगत्वाच्या मदतीचे नवे नियम लागू झाले असून त्यांवर माजी सैनिकांत पुष्कळ वाद झाला आहे. म्हणून कोणाच्या घरीं असा नकार आला असेल, तर सेवा कोणत्या तारखेस सुटली, भरतीच्या वेळच्या तपासणींत काय लिहिलें होतें, आणि नकाराचीं कारणें काय दिलीं आहेत, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्या. आणि अपील मुदतींत करावें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या गांवाकडील आप्तेष्टांस एवढें वाचून दाखविलें, तरी मोठें काम होईल.

दानाच्या रकमेवरून राज्याचें औदार्य कळतें. पण शंकेचें ओझें तें कोणाच्या शिरावर ठेवतें, यावरून त्याचा न्याय कळतो. तें ओझें दुबळ्या खांद्यावरून उतरून बलवान खांद्यावर जाण्यास फार काळ लागला. तें आपोआप उतरलें नाहीं. ‘नाहीं’ हें उत्तर ऐकूनही ज्यांनीं पुन्हां अर्ज लिहिला, अशा साध्या माणसांनीं तें उतरविलें आहे.