चिमणरावांना चेहरा मिळाला

श्रोतेहो, आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावोजी आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. नुसत्या आवाजावर ती मंडळी घराघरात शिरली. पुढे मराठी विनोद दूरचित्रवाणीवर आला, त्याची हकीकत मात्र आजच्या मुलांना ठाऊक नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला दिसू लागले. पण या लहरी उजेडासारख्या सरळ जाणाऱ्या. डोंगर आडवा आला की अडल्या! मेढ्यासारखे वेण्णेच्या खोऱ्यातले गाव अशा वेळी मागेच राहायचे. आपल्या भागाला चिमणराव आधी भेटले ते पुस्तकातून.

त्यांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याला पालीचे प्राध्यापक. एवढा विद्वान माणूस, पण लिहिले कोणावर? तर एका भिडस्त कारकुनावर आणि त्याच्या आडदांड भावावर, गुंड्याभाऊवर. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली. पुढे १९७७च्या सुमारास दूरदर्शनवर ‘चिमणराव’ मालिका आली. चित्र काळे-पांढरे, थाटमाट बेताचा. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. प्रभावळकर औषधांच्या कंपनीत नोकरीला, कर्वे मुंबई महापालिकेत अभियंते. कचेरी सांभाळून नाटक करणारी ही माणसे. माझ्या मते त्यांचा कारकून खरा वाटला तो यामुळेच. साहेबापुढे खांदे कसे पडतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

प्रभावळकरांना या भूमिकेने घरोघर नेले. ‘चौकट राजा’तला नंदू, १९९३च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, २००६ साली हिंदी पडद्यावरचे गांधीजी, हे सारे त्यानंतरचे. बाळ कर्वे मात्र लोकांच्या तोंडी कायमचे गुंड्याभाऊच राहिले.

आणि ती मालिका? त्या काळी चित्रफीत फार महाग. एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा टिपायचा, हा रिवाज. दूरदर्शनचे कितीतरी जुने कार्यक्रम असे गेले, आणि ‘चिमणराव’ही आज सलग पाहायला मिळत नाही. चिं. विं.ची पुस्तके मात्र ग्रंथालयात आहेत. गुरुजी, एखाद्या शनिवारी त्यातली एक गोष्ट वर्गात मोठ्याने वाचा आणि गुंड्याभाऊचे बोलणे मागच्या बाकावरच्या दांडग्या पोराला द्या.